बाळू आता माझ्याकडेच राहील

रायबंदर, रविवार

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर विषय काढला की आई रडते आणि बाबा फोन ठेवतात, म्हणून लिहायला बसले.

बाळू आता माझ्याकडेच राहील. शनिवार-रविवार डिचोलीला घेऊन येईन. तुम्हाला न विचारता ठरवलं, याचं मला फार वाईट वाटतं. पण चवथीला त्याला खाटेवर निजवल्यावर आई भिंत धरून किती वेळ उभी होती, ते मी पाहिलं. आई, तुझ्या कंबरेला आता हे झेपत नाही. तुमच्या लेकाला तुमच्यापासून तोडते आहे असं कृपा करून मनात आणू नका.

त्याच्या जेवणाखाण्याची काळजी नको. सकाळी पेज आणि तू दिलेलं कैरीचं मिस्कूट, दुपारी शीत-कढी. घर तळमजल्यावर आहे, न्हाणीत दोन्ही बाजूंना धरायला दांडे बसवून घेतले. गोळ्या मी स्वतः देते. तुझी जुनी गोधडी घेतल्याशिवाय तो अजूनही झोपत नाही.

आणि मंगळवारी, शुक्रवारी त्याचा नाचाचा गट असतो. 2023 च्या जानेवारीत पणजीला पर्पल फेस्टला नेलं होतं ना, त्या गर्दीत कुणी वळून वळून त्याच्याकडे बघत नव्हतं. तेव्हापासून माझ्या मनात होतं. हे कुणाचं नवं खूळ नाही. अमेरिकेत 1972 साली स्टीव्ह पॅक्स्टन यांनी एकमेकांच्या स्पर्शावर आणि भारावर विसंबून नाचायची पद्धत सुरू केली, पुढे आलितो अलेसी यांनी 1987 पासून अपंग आणि धडधाकट माणसांना त्यात एकत्र आणलं. गट घेणाऱ्या आमच्या ताई ‘चला’ म्हणतच नाहीत, ‘जागा बदला’ म्हणतात. कुणी चालत बदलतं, कुणी खुर्ची ढकलत, बाळू जमिनीवरून घरंगळत. खोलीतल्या प्रत्येकाला जमेल तीच सूचना.

त्याचा आखडलेला डावा हात उघडायला किती वेळ लागतो, तुम्हाला माहीत आहे. परवा समोरची मुलगी (तिला ऐकू येत नाही) तेवढा वेळ थांबली. मग तिनंही आपली मूठ तशीच एकेक बोट सोडत उघडली, आणि घुमट वाजवणाऱ्यानं प्रत्येक बोटाला एक थाप दिली. तिला ती लाकडी जमिनीतून तळपायाला कळत होती. पाचव्या थापेला बाळू हसला. न्हाऊ घालताना तू त्याची बोटं मोजायचीस तेव्हा हसायचा, अगदी तसा. मला पुढचं काही दिसेना.

बाबा, त्या जत्रेतलं मी विसरले नाही. तुम्ही त्याला खांद्यावर घेऊन बाहेर पडलात आणि मी मान खाली घालून मागे आले. त्या वेळी त्याचा हात धरायला हवा होता, हे आजही सलतं. पण दशावतारी काल्यात संकासुराचं सोंग घ्यायचात तेव्हा तुमच्या हातात कुठे संहिता होती? समोरचा बोलेल त्यावरून पुढचं सुचायचं. बाळू तेच करतो, फक्त बोलण्याऐवजी अंगानं. तुमचाच मुलगा आहे तो.

पुढच्या शुक्रवारी आमच्याच खोलीत, घरच्या माणसांपुढे ते करून दाखवणार आहेत. तुम्ही दोघांनी यायचंच. आईनं कंबरेचा पट्टा बांधूनच बसमध्ये चढायचं आणि पुढच्या सीटवर बसायचं. बाबा, रक्तदाबाची गोळी घेऊन निघा, नंतर घेतो म्हणू नका. तो जमिनीवर उतरला की आई, उठून धावू नकोस. राग समजू नकोस, पण तुला पाहिलं की तो हात पुढे करतो आणि थांबतो.

बाबा, आपलं घुमट आणा. पंच्यात नीट गुंडाळा, बसमध्ये मांडीवरच ठेवा. ताईंना मी सांगून ठेवलंय की वाजवायला तुम्ही बसणार.

तुमची,
बाय