बी.एड. झाले, दिवस किती?

महोदय,

माझी भाची कोथरूडच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नऊ वर्षे गणित शिकवते. ऑस्ट्रेलियात शिक्षिका म्हणून जायचे, तर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन-लेखनात किमान ७ आणि श्रवण-संभाषणात ८ लागतात. लेखनात तिला साडेसहा मिळाले. पुन्हा फी भरा! ते एक वेळ चालेल. खरी गोची पुढेच. प्रशिक्षणात किमान ४५ दिवस देखरेखीखाली प्रत्यक्ष वर्गात शिकवल्याचा पुरावा हवा. तिच्या बी.एड. कॉलेजच्या पत्रात दिवसांचा आकडाच नाही. क्लार्क म्हणतो, "मॅडम, असं लेटर आम्ही देत नाही." भर उन्हात तीन हेलपाटे झाले. इंटर्नशिपचे, म्हणजे वर्गात शिकवल्याचे, दिवस गुणपत्रिकेवरच छापायला काय हरकत आहे?

– एक वाचक, कर्वेनगर, पुणे