रेगे म्हणजे गांजा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी रेगे, म्हणजे कॅरिबियन बेटांतल्या जमैका देशाचे संगीत, ही गांजेकसांची बडबड असे लिहिले होते. मी गेली चाळीस वर्षे कुंडलच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. ते पत्र मनाला फार लागले.

माझ्या मुलीने पुण्याहून येताना ह्यू मंडेल या जमैकन गायकाचा अल्बम मोबाईलवर आणला. नाव 'आफ्रिका मस्ट बी फ्री बाय १९८३'. म्हणजे १९८३ पर्यंत आफ्रिका मुक्त झालीच पाहिजे. रेगे गाणारा बॉब मार्ली टी-शर्टवरून सगळ्यांना ठाऊक, मंडेलचे नाव आमच्याकडे कुणी ऐकले नव्हते. १९७८ साली अल्बम आला तेव्हा पोरगा सोळा वर्षांचा. आवाज कोवळा, पण कुठे डळमळत नाही. अल्बम निर्माते ऑगस्टस पाब्लो यांनी घडवला. मेलोडिका, म्हणजे तोंडाने फुंकायची छोटी पेटी, हे त्यांचे खास वाद्य.

सवयीने मी मांडीवर ठेका धरला. पहिल्या मात्रेवर थाप टाकली, तर तिकडे ड्रम गप्प! त्याचा वजनदार ठोका पडतो तिसऱ्या मात्रेवर. याला वन ड्रॉप म्हणतात. आम्ही समेसाठी जीव टाकतो आणि ही मंडळी समच मोकळी सोडतात. तीनदा चुकलो, चौथ्यांदा हात बसला. हा हिशेब बडबडीचा नव्हे.

रेगेशी जोडलेल्या जमैकातल्या रास्ताफारी पंथात गांजा धर्मविधीचा भाग आहे, हे खरे. पण तो शब्द आपल्याच देशातला. १८४५ पासून इंग्रजांनी आपली माणसे करारावर जहाजात भरून जमैकाच्या उसाच्या मळ्यांवर नेली, त्यांच्याबरोबर तो गेला. आमच्या पट्ट्यात ऊसतोड जवळून पाहिलेल्याला त्या मळ्यांवरचे जिणे वेगळे सांगायला नको.

माझे वडील प्रतिसरकारच्या काळात शाहिरामागे झीलकरी होते. १९४३ साली वय सतरा. गावोगावच्या सभेआधी पोवाडा व्हायचा, हे 'जी जी रं जी' ओढायचे, आणि पोलीस आल्याची वर्दी लागली की डफ ज्वारीच्या ताटांत खुपसून पळायचे. स्वराज्य कोणत्या साली येणार हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. मंडेलने तर सालच ठरवून टाकले. ते शीर्षकगीत ऐकताना मला म्हाताऱ्याचा आवाज आठवला आणि मोबाईल बंद करावा लागला.

झिम्बाब्वे १९८० साली स्वतंत्र झाला, नामिबिया १९९० साली, आणि दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसाने मत दिले ते १९९४ साली. यातला पहिलाच दिवस मंडेलला दिसला. १९८३ च्या ऑक्टोबरात किंग्स्टनमध्ये त्याला गोळी घालून मारले. वय एकवीस.

आपल्या रविवारच्या पुरवणीत या गायकावर जाणकाराकडून चार परिच्छेद लिहून घ्यावेत, ही विनंती. आणि पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांनी 'जाह विल प्रोव्हाइड' एकदा ऐकावे. जाह म्हणजे रास्ताफारींचा देव, आणि तो पुरवील एवढेच ते गाणे म्हणते. एकादशीला मंडळात अर्थ सांगून लावले, तर आमच्या टाळकऱ्यांनी ते पुन्हा लावायला सांगितले.

आपला,
एक पखवाजवादक, कुंडल (ता. पलूस, जि. सांगली)