लक्झेंबर्गचं कोर्ट टिकलं, विंडहुकचं का नाही?

महोदय,

युरोपियन युनियनची बातमी म्हटली की नेत्यांच्या बैठका आणि फोटो एवढंच छापून येतं, तिच्या लक्झेंबर्गमधल्या कोर्टाबद्दल फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

१९६३ ची केस बघा. फान गेंट एन लोस नावाच्या डच ट्रान्सपोर्ट कंपनीने पश्चिम जर्मनीहून एक केमिकल मागवलं तर कस्टमवाल्यांनी ३ टक्क्यांऐवजी ८ टक्के ड्युटी लावली, कंपनी म्हणाली युरोपच्या देशांनी आपसात केलेल्या करारात तर ड्युटी वाढवणार नाही असं लिहिलंय, सरकार म्हणालं करार देशादेशांतला, तुमचा काय संबंध! डच ट्रायब्युनलने प्रश्न लक्झेंबर्गला पाठवला आणि तिथून उत्तर आलं की या करारातून साध्या माणसालाही हक्क मिळतात आणि ते त्याच्याच देशाच्या कोर्टाने राखायचे. पुढच्याच वर्षी मिलानमधल्या एका वकिलाच्या १,९२५ लिराच्या लाईटबिलावरून ठरलं की देशाचा कायदा आडवा आला तर युरोपचा कायदा वरचढ.

१९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष द गॉलच्या फ्रान्सने या देशांच्या बैठकांवर बहिष्कार टाकला, जवळजवळ सात महिने खुर्ची रिकामी, पण खालच्या कोर्टांचा लक्झेंबर्गला प्रश्न पाठवायचा रस्ता चालूच राहिला. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. लक्झेंबर्गकडे ना पोलीस ना फौज, पण निकाल शेवटी घरच्याच जजच्या हातून येतो आणि तो डावलणं सरकारला जड जातं.

आता आफ्रिकेत या. झिम्बाब्वेतले गोरे शेतकरी माइक कॅम्पबेल यांची जमीन सरकारने घेतली, कोर्टात जायची सोयसुद्धा ठेवली नाही, ते नामिबियातल्या विंडहुकच्या सॅडक ट्रायब्युनलकडे, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांच्या संघटनेच्या कोर्टाकडे गेले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये जिंकले. गोऱ्यांच्या राजवटीत काळ्यांच्या जमिनी गेल्या हा जुना अन्याय खराच होता, ते मी नाकारत नाही, पण माणसाचं म्हणणं तरी ऐकायला हवं ना. मुगाबे सरकारने निकाल मानला नाही, झिम्बाब्वेच्या हायकोर्टानेही तो लागू करायला नकार दिला, आणि मग २०१० मध्ये सगळ्या देशांच्या नेत्यांनी मिळून ट्रायब्युनलच थांबवलं, २०१२ मध्ये ठरवलं की यापुढे फक्त देशांचेच वाद तिथे चालतील. साध्या माणसाला दार बंद. यात दक्षिण आफ्रिकेचा राष्ट्राध्यक्ष सामील झाला हे घटनाबाह्य होतं असं त्याच देशाच्या घटना-कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं, पण तोवर कॅम्पबेल जाऊन सात वर्षं झाली होती.

आपला,
एक वाचक, नाशिक