दत्ताला पत्र : पांढरी गाडी

बोरगाव, ता. निपाणी
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या ओंकारच्या प्रश्नाला चार महिने उत्तर दिलं नाही. तुझे दोन फोनही तसेच गेले. रागावला असशील, तो तुझा हक्कच आहे. माझी तब्येत बरी, बीपीची गोळी चालू.

पोरानं विचारलं होतं, "काका, ड्रोनच्या चित्रातली माणसं, गाड्या, हत्यारं ओळखायला मशिनला शिकवायचं, एवढंच काम आहे. नेम अचूक झाला तर निरपराध माणसं कमीच मरतील ना? मग घेऊ नोकरी?" तू तर हो म्हणून मोकळाही झालास. हवाई फोटो तपासायच्या त्या खोलीत आपण दोघांनी डोळे फोडलेत, म्हणून हे तुलाच लिहितोय. त्याला वाचून दाखव.

आधी नेमाचं बघ. अमेरिकेचे ड्रोन सोडतात ते हेलफायर क्षेपणास्त्र जेमतेम पन्नास किलोचं, त्यातला स्फोटक भाग नऊएक किलो. ड्रोनवरून लेझरचा ठिपका लक्ष्यावर धरून ठेवायचा, क्षेपणास्त्र त्या ठिपक्यामागं जातं. सात-आठ किलोमीटरवरून पोचायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं. तेवढ्यात कुणी पोर अंगणात आलं तर ठिपका मोकळ्या रानात सरकवता येतो, पण त्यासाठी ते पोर दिसायला हवं. झूम केलेलं चित्र म्हणजे पाइपातून बघणं. गाडी दिसते, शेजारचं दार दिसत नाही. त्यात चालवणारा तिकडं अमेरिकेत नेवाडात बसलेला, उपग्रहावरून येणारं चित्र सेकंद-दीड सेकंद शिळं. स्फोटाचे तुकडे पंधरा-वीस मीटरपर्यंतच्या माणसाला मारतात नाहीतर जखमी करतात. तुमच्या वाड्याचं अंगण तेवढंही नाही.

म्हणजे ठिपका धरला तिथं क्षेपणास्त्र जातंच. घोटाळा होतो तो आधी, ठिपका कुणावर धरायचा हे ठरवताना. २९ ऑगस्ट २०२१, काबूल. तीन दिवसांपूर्वी विमानतळावर मोठा स्फोट झालेला, सगळे पुढच्या हल्ल्याच्या धास्तीत. खबर मिळाली पांढऱ्या टोयोटा करोलाची. काबूलमध्ये पांढरी करोला शोधणं म्हणजे निपाणीच्या स्टँडवर पांढरी कार शोधणं! एका गाडीमागं आठ तास अमेरिकेचा ड्रोन फिरला. ती चालवणारा मदतसंस्थेत काम करणारा माणूस. ऑफिसातून घरी न्यायला त्यानं पाण्याचे कॅन भरून घेतले, तर ते स्फोटकं वाटले. घराच्या आवारात गाडी शिरली आणि हेलफायर सुटलं. दहा माणसं गेली, त्यात सात मुलं. पुढं चौकशीत कळलं, सोडण्याच्या दोन मिनिटं आधीच्या चित्रात एक मूल दिसत होतं. दत्ता, चित्रात होतं ते. बघणाऱ्यांच्या मनात मात्र गाडी आधीच दोषी ठरली होती. आपले साहेब काय म्हणायचे? काय दिसतं ते आधी लिहा, काय वाटतं ते खाली लिहा, दोन्ही एका ओळीत आलं तर कागद फाडीन.

आता तू अल-कायदाचा म्होरक्या जवाहिरी काढणार. तेव्हाही काढलास, मला गांधीबाबा म्हणालास आणि वादाच्या भरात शहापूरचा अख्खा कुंदा एकट्यानं संपवलास. तो कुंदा मी विसरलेलो नाही! मान्य आहे, ३१ जुलै २०२२ ला तो बाल्कनीत उभा असताना दोन क्षेपणास्त्रं आली आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला इजा झाली नाही, असं अमेरिकेनं सांगितलं. पण त्यामागं महिनोन् महिने पाळत होती. घराची प्रतिकृती करून अभ्यास झाला होता. अशी सवड दर वेळी कुठून येणार? त्याच जवाहिरीसाठी १३ जानेवारी २००६ ला पाकिस्तानातल्या डामाडोला गावावर मारा झाला, तेव्हा तो तिथं नव्हताच. मेले ते गावकरी, बायकापोरांसकट. पाकिस्तानी तालिबानचा म्होरक्या बैतुल्ला मेहसूद याच्यासाठी २३ जून २००९ ला दक्षिण वझिरिस्तानात अंत्ययात्रेला जमलेल्या लोकांवर मारा केला. साठाच्या वर माणसं मेली, बैतुल्ला निसटला. ५ ऑगस्टला सासऱ्याच्या घरी सापडला, तेव्हा बायकोही गेली.

तुझा दुसरा मुद्दा खरा आहे. फौज घुसवली तरी माणसं मरतात, गावंच्या गावं उठतात. पाकिस्तानी फौजेच्या २०१४ च्या कारवाईत उत्तर वझिरिस्तानातून दहा लाखांच्या आसपास लोक घरं सोडून गेले. त्यावर माझ्याकडं सोपं उत्तर नाही.

पण ओंकारला मोजणीचं सांगायलाच हवं. २०१२ साली उघड झालं की अमेरिकेच्या मोजणीत माऱ्याच्या जागी मेलेला प्रत्येक लढण्याच्या वयाचा पुरुष अतिरेकीच धरला जात होता, मेल्यानंतर निर्दोष असल्याचा स्पष्ट पुरावा आला तरच वगळायचा. असा पुरावा कोण आणणार? २००९ ते २०१५ या काळात घोषित युद्धक्षेत्रांबाहेर ४७३ मारे आणि ६४ ते ११६ निरपराध मृत, हा अमेरिकेचा अधिकृत आकडा. लंडनच्या ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नालिझमनं २००४ पासून एकट्या पाकिस्तानातच ४२४ ते ९६९ मोजले. काळ एक नाही हे खरं, पण निरपराध कुणाला म्हणायचं इथंच दोघांची वाट फुटते. आणि २०१९ च्या मार्चमध्ये तो वार्षिक आकडा जाहीर करायचं बंधनही काढून टाकलं.

मशिनला शिकवायला ओंकार चित्रातल्या गोष्टींभोवती ज्या चौकटी काढेल त्यावर नाव तोच लिहिणार. उष्णतेच्या कॅमेऱ्यात माणूस म्हणजे पांढरा डाग. आपल्या मळ्यात पाठीवर पंप, हातात फवारणीची नळी घेतलेला गडी तिरक्या कोनातून बघ, बंदूकवालाच वाटेल. ऊसतोडीच्या टोळीत एकाच जागी पंधरा पुरुष, कोयते घेऊन. मशिनला "हत्यार" शिकवलंस तर ते हत्यारच शोधणार. म्हणून रुजू होण्याआधी त्यानं विचारावं: "ओळखता येत नाही" असा वेगळा खाना आहे का? तो वापरला म्हणून पगार कापतात का? एकाच चित्रावर दोघांचं मत वेगळं पडलं तर कुणाचं धरतात, आणि तिसरा बघतो का? चुकलेली चित्रं परत त्याच्याकडं येतात का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आलं, तर माझं उत्तरही "नाही". तू कितीही चिडलास तरी.

वहिनींच्या गुडघ्याचं कळलं, ऑपरेशन उरकून घ्या. सुमीला पहिल्याच फेरीत जागा मिळाली, फार बरं झालं. इकडं गळीत सुरू झालंय, रस्त्यावर ट्रॅक्टरची रांग आहे, त्यामुळं या महिन्यात येणं होत नाही. ओंकारला रात्री नऊनंतर फोन करायला सांग, आणि ती नोकरीची कागदं समोर घेऊन बसायला सांग.

तुझा,
शंकर