अळ्यांच्या शेवटच्या आठवड्याबद्दल

ती. आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपल्या रेशीम अळ्या चौथी कात टाकून उठल्या आणि पश्चिमेच्या बांधापलीकडे कपाशीवर पांढऱ्या माशीसाठी फवारणी होणार आहे, या दोन्ही गोष्टी बाबांच्या फोनवरून एकदमच कळल्या, म्हणून सविस्तर लिहीत आहे. अळी आयुष्यभर जेवढा पाला खाते, त्यातला ऐंशी टक्क्यांहून अधिक या पाचव्या अवस्थेच्या सात-आठ दिवसांत खाते. विष पोटात जाण्याची भीतीही त्यामुळे आताच सर्वांत जास्त आहे.

पावसाळी वारा पश्चिमेचा, तेव्हा फवाऱ्याचे तुषार तुतीवर येणारच. शेजारच्या काकांना फवारणीच्या आदल्या दिवशी सांगायला लावा, कोणते औषध तेही विचारा आणि बांधालगतच्या ओळींचा पाला या बॅचला मुळीच घालू नका. इमिडाक्लोप्रिडसारखे औषध पानात मुरते, त्यामुळे पाला धुऊन भागत नाही. पायरिप्रॉक्सिफेन असेल तर फसगत आणखी मोठी: अळी मरत नाही, खात राहते, जाड होते, पण कोष विणत नाही. शंका असलेला पाला आधी चार-पाच अळ्यांना वेगळ्या ट्रेमध्ये घालून दिवसभर पाहावा. विष बाधलेली अळी डोके उचलून इकडेतिकडे आपटते, तोंडातून हिरवट पाणी टाकते आणि अंग आखडून आखूड होते; पण पायरिप्रॉक्सिफेन या चाचणीत दिसणार नाही, म्हणून औषधाचे नाव विचारणे टाळू नका.

आता बाबांना न आवडणारी गोष्ट. तंबाखूतले निकोटिन मुळात कीटकनाशकच आहे. इमिडाक्लोप्रिडही मज्जासंस्थेत त्याच जागी घाव घालते. म्हणून तंबाखू मळलेल्या हातांनी पाला टाकू नये, साबणाने हात धुऊनच शेडमध्ये जावे. (सोडा असे मी म्हणत नाही, ते आईचे खाते.) आणि आई, रात्री तिथे झोपताना तू लावतेस त्या मच्छर अगरबत्तीतही बहुधा डास मारणारे पायरेथ्रॉइडच असते, ते अळीला डासापेक्षा वेगळे समजत नाही. गुडनाइटचे यंत्रही तसेच.

कोष जालन्याच्या बाजारात नेण्याआधी मी गावी येणारच आहे, पण मच्छरदाणी तोवर थांबू नये म्हणून उद्याच कुरिअरने पाठवते.

आपली,
धाकटी