कीटोचा चार्ट मी का दिला नाही

संपादक महोदय,

मागच्या आठवड्यात आमच्या ऐरोलीच्या सोसायटीतल्या एका ताईंनी माझ्या मुलाच्या कीटोचा, म्हणजे भरपूर फॅट आणि अगदी कमी कार्ब (पीठ-साखर) असलेल्या आहाराचा, चार्ट व्हॉट्सअ‍ॅपवर मागितला, त्यांच्या भाच्याला फिट येतात म्हणून. मी नाही म्हटलं, त्यांना वाईट वाटलं, पण कारण सगळ्यांनाच कळायला हवं म्हणून हे लिहितेय.

माझा मुलगा सात वर्षांचा, तीन औषधं चालू असून दिवसाला आठ-दहा फिट यायच्या, तेव्हा डॉक्टरांनी कीटो सुचवलं. हे जिमवालं कीटो नाही, 1921 पासून फिटसाठी वापरात असलेली ट्रीटमेंट आहे, त्यात चार ग्रॅम फॅटमागे प्रोटीन आणि कार्ब मिळून फक्त एक ग्रॅम. लोणी, क्रीम, अंडं सगळं डिजिटल काट्यावर, आणि वाटीला चिकटलेलं लोणीसुद्धा मी बोटाने पुसून त्याला चाटवते कारण तेही हिशोबात धरलेलं असतं. तापाचं गोड सिरपही चालत नाही, साखर असते त्यात.

आम्हाला गुण आला, आता आठवड्याला एखादी फिट येते. पण सगळ्यांना येतोच असं नाही, लंडनच्या डॉक्टरांनी 145 मुलांचा अभ्यास 2008 साली छापला त्यात तीन महिन्यांनी डाएटवाल्या 38 टक्के मुलांच्या फिट निम्म्याहून कमी झाल्या होत्या, डाएट नसलेल्यांत 6 टक्के.

आणि धोके खरंच आहेत. काही मुलांना जन्मतःच शरीरात फॅट वापरता येत नाही, अशा मुलाला हे सुरू केलं तर जिवावर बेततं, म्हणून आधी रक्ताच्या तपासण्या करतात. आम्हाला तर अ‍ॅडमिटच करून घेतलं होतं, पहिले चार दिवस नुसत्या उलट्या आणि शुगर खाली, मी रात्रभर उशाशी बसून होते. बद्धकोष्ठता तर अजून आहे. किडनी स्टोन होऊ शकतो, कोलेस्टेरॉल वाढतं, उंची वाढणं मंदावू शकतं, म्हणून दर तीन महिन्यांनी तपासण्या, वरून कॅल्शियम-व्हिटॅमिन. फिटच्या गोळ्याही आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, एकदम थांबवल्या तर फिट थांबतच नाही अशी वेळ येते.

माझ्या मुलाचे ग्रॅम त्याच्या वजनावर काढलेत, ते दुसऱ्या लेकराला कसे देऊ? ताईंना मी चार्टऐवजी आमच्या न्यूरोलॉजिस्टच्या ओपीडीचा वार आणि वेळ पाठवलीय, त्या भाच्याला घेऊन येणार असतील तर मीही सोबत जाईन.

एक आई, ऐरोली, नवी मुंबई