लेव्ही स्टब्ज आणि ‘मागचे’ तिघे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत साठच्या दशकातील अमेरिकी सोल संगीतावर जो लेख आला, त्यात ‘फोर टॉप्स’ या गायकांच्या चौकडीचे वर्णन ‘लेव्ही स्टब्ज आणि मागे झील धरणारे तिघे’ असे केले आहे आणि चौघांच्या छायाचित्राखाली नावही एकट्या स्टब्ज यांचेच आहे. झीलकऱ्यांची नावे विसरण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. परंतु स्टब्ज यांची कारकीर्द या तिघांना वगळून सांगताच येत नाही, म्हणून हे पत्र.

डेट्रॉइटमधील हे चार तरुण 1954 च्या सुमारास ‘फोर एम्स’ या नावाने एकत्र आले आणि ‘एम्स ब्रदर्स’ या दुसऱ्या गायकसमूहाशी गल्लत होऊ नये म्हणून 1956 मध्ये त्यांनी नाव बदलले. त्यानंतरची कित्येक वर्षे नाइट क्लबमध्ये गाण्यात गेली. निरनिराळ्या कंपन्यांसाठी तबकड्या निघाल्या, पण गाजली एकही नाही. 1963 मध्ये ते डेट्रॉइटच्याच ‘मोटाउन’ या ध्वनिमुद्रण कंपनीकडे आले, तेव्हा चौघांचा मेळ पक्का बसलेला होता. स्टब्ज यांचा आवाज मुळात बॅरिटोन, म्हणजे खालच्या पट्टीत सहज रमणारा. हॉलंड बंधू आणि लॅमॉन्ट डोझिअर या गीतकार-संगीतकार त्रिकुटाने मात्र गाण्यांची पट्टी मुद्दाम इतकी वर ठेवली, की तिथवर पोहोचताना आवाजावर ताण यावा आणि तो ताणच आर्जव म्हणून ऐकू यावा. 1966 मध्ये अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या ‘रीच आउट, आय विल बी देअर’मध्ये स्टब्ज ओळी गातात कमी आणि पुकारतात जास्त, ही हाक एकाकी वाटत नाही, याचे कारण तिच्याखाली अंथरलेले समूहस्वर. (मोटाउनच्या ध्वनिमुद्रणांत ‘अँडान्टीज’ या गायिकांचे आवाजही त्यात मिसळलेले असत, हे मान्य केले पाहिजे.) पुढच्याच वर्षीच्या ‘बर्नाडेट’मध्ये वाद्ये एकाएकी थांबतात, गाणे संपले असे वाटते, आणि त्या पोकळीत स्टब्ज तिचे नाव घेऊन ओरडतात. ती जागा मी आजवर असंख्य वेळा ऐकली आहे आणि अजूनही दचकतो.

त्याच काळात मोटाउनमध्ये ‘सुप्रीम्स’ या समूहाच्या नावापुढे डायना रॉस यांचे आणि ‘मिरॅकल्स’च्या नावापुढे स्मोकी रॉबिन्सन यांचे नाव वेगळे जोडले गेले. ‘टेम्प्टेशन्स’चे डेव्हिड रफिन यांना तसाच मान हवा होता, 1968 मध्ये त्यांना समूहातून काढण्यात आले. स्टब्ज यांच्या नावाला अशी पुढची जागा कधीच मिळाली नाही, कारण त्यांनी ती घेतली नाही. 1986 मध्ये ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ या चित्रपटातील माणसे खाणाऱ्या झाडाला त्यांनी आवाज दिला, तेव्हाही ते ‘फोर टॉप्स’मध्येच होते. मोटाउनने लॉस एंजेलिसला मुक्काम हलवल्यावर त्यांनी कंपनी सोडली, पण एकमेकांना सोडले नाही. 1997 मध्ये एकाच्या निधनाने ती चौकडी मोडली, तोवर तिच्यात एकदाही बदल झाला नव्हता. स्वतः स्टब्ज 2000 पर्यंत गात राहिले आणि 2008 मध्ये डेट्रॉइटमध्येच वारले.

त्या छायाचित्रातील उरलेले तिघे असे: समूहाची स्वररचना बांधणारे लॉरेन्स पेटन, मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या गाण्याचे एक सहलेखक रेनाल्डो ‘ओबी’ बेन्सन, आणि अब्दुल ‘ड्यूक’ फकीर, ज्यांचे वडील पूर्व बंगालमधून अमेरिकेत गेले होते आणि जे चौघांत सर्वांत शेवटी, जुलै 2024 मध्ये, निवर्तले. पुढील रविवारच्या अंकात ही तीन नावे छापावीत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे